अठरावर बदल

त्यांच्या घरी कुठलीही वस्तू संपलेली मी कधी पाहिली नाही. साबणाची वडी अर्धी झिजली की शेजारी नवी येऊन बसायची. काडेपेटीत पाच-सहा काड्या उरल्या की देवघरात दुसरी पेटी जायची. गॅसचं सिलेंडर ते दर चार दिवसांनी दोन्ही हातांनी उचलून बघत आणि हलकं लागलं की आत गॅस असतानाच बदलून टाकत. काकू वैतागायच्या. म्हणायच्या, "अजून आठ दिवस चाललं असतं ना!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "आठ दिवस चाललं असतं, अन् नवव्या दिवशी कुकर चढवल्यावर दगा दिला असता." स्कूटरची टाकी अर्ध्याच्या खाली गेलेली त्यांना खपत नसे. लग्नाच्या पंगतीत पानावर भात मूठभर उरला की ते वाढप्याला हाक मारत आणि पोट भरलेलं असलं तरी वाढून घेत. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातली आमची सगळी गल्ली त्यांना हसायची. मीही हसायचो. माझं घर त्यांच्यापासून चौथं, त्यामुळे हसायला भरपूर मिळायचं.

ते पोलीस खात्यात हवालदार होते. शहराबाहेरच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या भरतीला रायफल शिकवायचे. तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. मी त्याच केंद्रात कोतात, म्हणजे शस्त्रागारात, लिखापढीला होतो. दोघांचीही घराणी भोसल्यांच्या राज्यात नागपूरकडून इकडे आलेली. एवढ्या मोठ्या केंद्रात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून ते मला आपला माणूस म्हणायचे. आपला माणूस! आजही कुणी मला असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

ते शिकवायचे ती रायफल अर्धस्वयंचलित. घोडा एकदा दाबला की एक गोळी, पुढची गोळी आपोआप वर. मॅगझिनीत, म्हणजे खाली लावायच्या लोखंडी डबीत, वीस गोळ्या. पण तिचा एक स्वभाव होता. वीस संपल्या की ती काही सांगत नसे. घोडा दाबायचा आणि आतून कोरडी खट् ऐकायची. समोर माणूस असेल तर ती खट् त्यालाही ऐकू जाते. उस्तादांची सगळी विद्या या खटच्या भीतीतून आली होती. पहिल्याच तासाला ते भरतीच्या मुलांपुढे रायफल आडवी धरून सांगत, "ये खाली हो जाए तो बताएगी नहीं. बताना इसका काम नहीं है. गिनना तुम्हारा काम है. अठरा पे बदल." वीस नाही, अठरा. दोन गोळ्या आत असतानाच जुनी मॅगझीन काढायची, नवी चढवायची. दोन गोळ्या वाया जातात का? जात नाहीत. ती मॅगझीन शर्टाच्या आत टाकायची, वेळेला उपयोगी पडते.

हे हजारदा करून घेत. मुलांच्या डोळ्यांवर त्यांचाच गमछा बांधायचा, उकिडवं बसवायचं आणि मग सुरू. डबीचं पुढचं टोक आधी खाचेत अडकवायचं, मग मागची बाजू ओढून बसवायची. "पहले नाक, फिर पूँछ." कुणी गमछ्याखालून डोकावला की बोटांवर लाकडी रूळ पडलाच. माणूस गोड वगैरे मुळीच नव्हता. कौतुक म्हणून कुणाच्या पाठीवर त्यांचा हात पडलेला मला आठवत नाही. ते मुलांकडे पाठ करून उभे राहत आणि नुसता आवाज ऐकत. वीस जणांच्या वीस टक् आवाजांतून नेमका एक पकडून म्हणत, "तीन नंबर, तेरी बैठी नहीं है. सिर्फ टिकी है." आणि खरंच तीन नंबरची मॅगझीन हाताने ओढली की हातात यायची.

बसणं आणि टेकणं हा फरक त्यांनी मग सगळ्या जगाला लावला होता. नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. रायपूर राजधानी झालं म्हणून पेढे वाटून झाले, पण कचेऱ्या उसन्या इमारतींत, साहेब उसने, खुर्च्याही कुठून कुठून आणलेल्या. बदली होऊन आलेला प्रत्येक अधिकारी परतीच्या अर्जाचा मसुदा खिशात घेऊन फिरायचा. उस्ताद मला म्हणायचे, "पाह्य बाबू, हे सारे टेकले हायेत. बसला कोनीच नाही." एकदा मोठ्या साहेबांच्या बैठकीत सही करताना साहेबांचं पेन वाळलं. उस्ताद दाराशी उभे होते. दोन ढांगांत पुढे आले, खिशातून दुसरं पेन काढून ठेवलं आणि म्हणाले, "सर, दो दिन से हल्का चल रहा था." साहेबांना राग आला की आश्चर्य वाटलं, कळलं नाही. पण पेन त्यांनी परत केलं नाही.

आता मॅगझिनींचं सांगतो. राज्याची वाटणी झाली तशी शस्त्रांचीही झाली. जे वाटतात ते चांगलं आपल्याकडे ठेवतात, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. आमच्या वाट्याला पेट्या भरून मॅगझिनी आल्या. त्यातल्या कित्येकांच्या स्प्रिंगा मेलेल्या, कडा वाकलेल्या. सगळ्यात वाईट त्या, ज्यांची पुढची खाच झिजलेली होती. त्या लावल्या की टक् आवाज अगदी बरोबर येई, ओढून पाहिलं तरी चटकन निघत नसत. एक-दोन गोळ्या झाडल्या की धक्क्याने खाली लोंबत. खुद्द उस्तादांचे कानही त्यांच्या आवाजाला फसत. त्या त्यांना फक्त अंगठ्याला कळायच्या. खाचेवरून अंगठा फिरवायचा, धार लागली तर ठीक, बोथट लागली की बाद.

त्यांनी सुट्टीचे रविवार कोतात घालवून एकूणएक मॅगझीन अंगठ्याखालून काढली. वाईटावर खूण काय करायची? रंग मागायला गेले तर अर्ज द्या म्हणाले. मग हा पल्लेदार मिशीचा माणूस गल्लीच्या तोंडावरच्या बांगड्यांच्या दुकानात गेला आणि लाल नेलपॉलिशच्या सहा बाटल्या मागितल्या. दुकानवालीने विचारलं, "दीदी के लिए?" ते म्हणाले, "सरकार के लिए." ही गोष्ट काकूंपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली आणि दोन दिवस त्या घरात अबोला होता. प्रत्येक वाईट मॅगझिनीच्या बुडाला एक लाल ठिपका आला. जवळजवळ तिसरा हिस्सा लाल झाला. उस्ताद मला म्हणाले, "बाबू, ह्या लालवाल्या परत पाठवून दे. नाही घेत म्हनले तर बाद कर. पन ह्या पोट्ट्यांच्या हातात जाऊ देऊ नको."

मी कागद तयार केला. साहेबांनी तो वाचून माझ्यापुढे परत सरकवला. राजधानीतून तपासणी येणार होती. वाटणीच्या यादीत जितक्या मॅगझिनी, तितक्या चालू स्थितीत दिसायला हव्या होत्या. बाद करायच्या म्हणजे जुन्या राजधानीशी पत्रव्यवहार, चौकशी, आल्या तेव्हाच का नाही सांगितलं याचं उत्तर. साहेब आवाज न चढवता बोलले. "ये लाल-लाल क्या लगा रखा है? साफ करो. जितनी आईं, उतनी ठीक आईं." आणि मग दुसऱ्या फायलीकडे वळत म्हणाले की दक्षिणेच्या नक्षली भागातल्या ठाण्यांसाठी कोतवाले हवेत, यादी त्यांच्याकडेच आहे. बस्स, एवढंच.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. हे मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो आहे, आणि ते खरंही आहे. पण ती नसती सातव्या महिन्यात, तरीही मी तेच केलं असतं. मी भित्रा होतो. दक्षिणेतलं जंगल मला नको होतं, मला बूढ़ापाऱ्यातलं माझं घर हवं होतं. दोन दुपारी मी कोताचं दार लावून घेतलं आणि थिनर आणि कापूस घेऊन एक-एक ठिपका पुसला. एप्रिल महिना होता, पंखा बंद होता, थिनरच्या वासाने डोकं भणभणत होतं. पुसून झाल्यावर सगळ्या मॅगझिनी एकमेकींत मिसळून पेट्या भरल्या. मग कुठली कुठे गेली, ते मलाही सांगता आलं नसतं.

तपासणी छान झाली. आठवड्याने नवी तुकडी दक्षिणेला निघाली. त्यांना मॅगझिनी वाटण्याच्या सकाळी उस्ताद कोताच्या खिडकीशी आले.

"लालवाल्या गेल्या ना बाबू?"

"गेल्या काका."

"साऱ्या?"

"साऱ्या."

ते तिथेच उभे राहिले. हा माणूस बँकेतून आलेलं पासबुकही कधी विश्वासाने मिटत नसे, दार लावल्यावर कडी तीनदा ओढून बघायचा. पेट्या समोर उघड्या होत्या. चार मॅगझिनी उचलून अंगठा फिरवला असता तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. त्यांनी हात पुढे केलासुद्धा. मग मागे घेतला. म्हणाले, "आपला मानूस हाय कोतात, मले काय चिंता."

त्या तुकडीत एक डावखुरा होता. धमतरीकडचा, चोवीस-पंचवीसचा, शेतावरून थेट भरतीला आलेला. छत्तीसगढीत डाव्या हाताला डेरी म्हणतात, म्हणून सगळे त्याला डेरहा म्हणायचे. रायफल उजव्यांसाठी बनवलेली, त्यामुळे सगळ्यांना शिकवलेलं त्याला उलटं पडे. सुरुवातीला सगळ्यांत जास्त रूळ त्यानेच खाल्ले. मग उस्तादांनी महिनाभर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याला वेगळं बसवलं. स्वतः रायफल डाव्या खांद्याला लावून, उजव्या हाताने मॅगझीन बदलण्याची एक नवी पद्धत ते आधी स्वतः शिकले आणि मग त्यांनी ती त्याला शिकवली. पन्नाशी उलटलेला माणूस उन्हात उकिडवा बसून डावखुरा व्हायला बघत होता. शेवटच्या परीक्षेत डेरहाने डोळे बांधून सगळ्यांत आधी संपवलं. उस्ताद पाठ करून उभे होते. म्हणाले, "बैठी है." डेरहाला रडू आलं. त्यांच्या तोंडून त्याहून मोठं बक्षीस कुणाला मिळालं नव्हतं.

पावसाळ्यानंतर बातमी आली. रस्त्यावर गस्त घालताना तुकडीवर गोळीबार झाला होता. डेरहाने अठरा मोजल्या, मॅगझीन बदलली. टक् आवाज आला. एक गोळी झाडली आणि मॅगझीन निखळून खाली लोंबायला लागली. ती परत बसवायला त्याने मान खाली घातली, रायफल पेललेलं डावं कोपर वर उचललं, आणि गोळी त्याच कोपरात शिरली. जीव वाचला. डावा हात काही राहिला नाही.

बातमी आली त्या दुपारी उस्ताद कोतात आले. उरलेल्या पेटीतली एक मॅगझीन उचलली, खाचेवरून अंगठा फिरवला. मग तिचं बूड उजेडाकडे धरलं आणि नखाने कोपरा खरवडला. नखाखाली लाल आलं.

"कापूस कमी पडला का रे?" त्यांनी विचारलं.

मी साहेबांचं नाव घेतलं, यादीचं सांगितलं, बायकोचं सांगितलं. ते नीट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी तुले इचारलं. इचारनं म्हंजे तपासनं नाही. एवढी साधी गोष्ट मी पोट्ट्यांना शिकवतो." मॅगझीन पेटीत ठेवली आणि निघून गेले. मला शिव्या घातल्या असत्या, रूळ मारला असता, तर आज मी जरा बरा झोपलो असतो.

चौकशी बसली. माझा जबाब एका ओळीत मावेल. "तुकडीला दिलेल्या मॅगझिनींवर कोणत्याही प्रकारची खूण नव्हती." यातला एकही शब्द खोटा नाही. साहेबांचा जबाबही असाच खरा. उस्तादांना विचारलं की मॅगझिनी वाटण्यापूर्वी तुम्ही तपासल्या होत्या का. ते म्हणाले, "नहीं." लाल ठिपक्यांचं, माझं, खिडकीतल्या बोलण्याचं त्यांनी काही सांगितलं नाही. मी बाहेर बाकावर बसलो होतो, आणि ते आतून बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता पुढे गेले. निष्कर्ष आला, मॅगझीन नीट न बसवल्यामुळे आणि प्रशिक्षणातल्या ढिलाईमुळे. उस्तादांना शिकवण्यावरून काढलं आणि उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका गोदामावर पहाऱ्याला बसवलं. तिथे दिवसभर लोखंडाची धूळ उडायची आणि ट्रकांची ये-जा असायची. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. मी रायपूरलाच राहिलो, बढती मिळाली, नव्या रायपूरला कचेऱ्या गेल्यावर तिथल्या रुंद रस्त्यांवरून गार गाडीने ये-जा करू लागलो. मुलगा झाला. सगळं मला हवं तसंच झालं.

पण गल्लीला हसायला काही उरलं नाही. एका सकाळी ते स्कूटर ढकलत येताना दिसले. मी विचारलं, "काय झालं काका?" म्हणाले, "पेट्रोल संपलं." इतकं सहज, की मला आधी अर्थच लागला नाही. मग काकू एक दिवस अर्धा शिजलेला भात घेऊन आमच्या गॅसवर ठेवायला आल्या. साबण संपल्यावर ते नुसत्या पाण्याने आंघोळ करायचे, आणि काकूंना कळेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असायचे. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "आता काही उचलून पाह्यतच नाही. संपलं तर संपलं म्हनतात. मले भेव वाटते." मला कारण माहीत होतं. मी पेपर वाचत होतो, पान उलटलं.

रक्तदाबाची गोळी ते रोज सकाळी घ्यायचे. गेले तेव्हा एकदमच गेले, अंगणात, दात घासताना. मी धावलो, खांदा दिला, सगळं केलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी उशीखालून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. सगळी घरं फोडलेली, सगळी रिकामी. "डाक्टर म्हनले, पंधरा दिवसांपासून गोळी घेतली नसन. मले बोलले नाही ना. एका शब्दानं बोलले असते तर मी आनून नसती का दिली?" त्या मला विचारत होत्या. मी पट्टी उलटसुलट करून बघत राहिलो, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असणार होतं.

तेराव्याला डेरहा आला. आता चाळिशीला आलेला, शर्टाची डावी बाही वर दुमडून पिन लावलेली. खात्याने त्याला नव्या रायपूरच्या एका कचेरीत फाटकावर बसवलं होतं. मी त्या फाटकातून कितीतरी वेळा गेलो होतो, काच वर करून. त्याने उस्तादांच्या फोटोला एका हाताने नमस्कार केला आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. काकूंनी चहा आणला. त्याचा अर्धा प्यालाही झाला नव्हता, तोच त्यांनी परत भरून टाकला. जुनी सवय, आता त्यांनी चालवलेली.

डेरहा खालच्या आवाजात म्हणाला, "बाबू साहब, एक बात पूछना रहिस. मैं तो बने लगाए रहेंव. टक् घलो बोलिस. फेर कागज मं मोर गलती लिखे हें. उस्ताद हर साल देवारी मं मोर गाँव आवय. हर बार कहय, तोर गलती नोहे बेटा, मोर हे. मैं जाँचे नइ रहेंव."

मॅगझीन त्याने नीट लावली होती, टक् आवाजही आला होता, तरी कागदात चूक त्याचीच लिहिलेली. उस्ताद दर दिवाळीला त्याच्या गावी जात होते, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या घरापासून चौथ्या घरातून निघून जात होते आणि दरवर्षी त्याला सांगत होते की चूक तुझी नाही, माझी, मी तपासलं नाही. माझं नाव त्यांनी तिथेही घेतलं नव्हतं.

डेरहाने प्याला खाली ठेवला. मग म्हणाला, "आप तो कोत मं रहेव. आप ला सब मालूम हे. सच मं उस्तादेच के गलती रहिस का?"

साहेब कधीच निवृत्त होऊन गेले होते. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. यादी नव्हती, जंगल नव्हतं, सातवा महिना नव्हता. समोर फोटो होता आणि शेजारी हा माणूस उत्तराची वाट बघत होता. थिनर, कापूस, दोन दुपारी, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

मी मान डोलावली आणि म्हणालो, "हव."